पुलपिटवरचा तिरस्कार आणि बाकावरचं उत्तर

या वेळच्या सगळ्या पत्रांचा विषय एकच आहे: चर्चच्या पुलपिटवरून, म्हणजे उपदेशाच्या व्यासपीठावरून, समलिंगी माणसांविरुद्ध जे बोललं जातं, त्याला शिवीगाळ न करता आणि मान खाली न घालता उत्तर कसं द्यायचं. काही पत्रं नियमित चर्चला जाणाऱ्यांची आहेत, काही चर्चशी नातं तोडलेल्यांची. मजकूर आटोपशीर केला आहे आणि ओळख पटेल असा तपशील काढून टाकला आहे.

प्रश्न : आमच्या पाळकांनी रविवारच्या उपदेशात समलिंगी असणं हा रोग आहे असं सांगितलं आणि ‘अशा लोकांपासून आपली मुलं जपा’ असंही म्हणाले. माझा भाऊ समलिंगी आहे, हे मंडळीत कुणालाच माहीत नाही. मी तडक उठून बाहेर आले. आता पत्र लिहू, भेटायला जाऊ, की चर्चच सोडून देऊ?

सोडायचं की नाही हे आज ठरवू नका. आधी पाळक नक्की काय बोलले ते शब्दशः मिळवा. आठवणीतला उपदेश मूळ उपदेशापेक्षा नेहमी तिखट असतो, आणि तुम्ही एक शब्द चुकीचा उद्धृत केलात की सगळी भेट त्या एका शब्दावर खर्ची पडते. ध्वनिमुद्रण असेल तर ते सुरुवातीपासून शेवटपर्यंत ऐका. वाक्य, तारीख आणि मिनिट वहीत टिपा. मुद्रण नसेल, तर त्या दिवशी हजर असलेल्या आणखी दोघांना, एकमेकांशी न बोलता, आठवतं ते लिहून द्यायला सांगा. तिघांच्या लिहिण्यात जे जुळेल तेवढंच धरा.

मग त्या वाक्यांची तीन भागांत विभागणी करा. ‘हे पाप आहे’ हे श्रद्धेचं विधान. ‘हा रोग आहे’, ‘ते मुलांना नादी लावतात’, ‘प्रार्थनेनं बरे होतात’ ही वस्तुस्थितीची विधानं, म्हणजे खरी की खोटी हे तपासता येणारी. ‘अशांना घरात थारा देऊ नका’, ‘धडा शिकवा’ ही चिथावणी. तिन्हींची उत्तरं वेगळी आहेत. ती एकाच दमात द्यायला गेलं की भांडण होतं. चिथावणीत ठरावीक माणसाला धोका असेल तर तिथे संवाद वगैरे नाही, त्याच दिवशी वकिलाला विचारा. श्रद्धेचं विधान सगळ्यात शेवटी घ्या, तिथे एकमत कदाचित कधीच होणार नाही. सुरुवात मधल्या गटापासून करा.

तिथे तुमची बाजू भक्कम आहे. अमेरिकन सायकिअ‍ॅट्रिक असोसिएशननं समलैंगिकता मनोविकारांच्या यादीतून १९७३ मध्ये काढली. जागतिक आरोग्य संघटनेनं १७ मे १९९० रोजी तेच केलं. ‘बदलता येतं’ असं सांगणारी सगळ्यात मोठी ख्रिस्ती संस्था, एक्झोडस इंटरनॅशनल, १९७६ पासून काम करत होती. जून २०१३ मध्ये तिचे अध्यक्ष अ‍ॅलन चेंबर्स यांनी दुखावल्या गेलेल्यांची जाहीर माफी मागितली आणि संस्था बंद झाली. हा दाखला पाळकांना इतर कुठल्याही अहवालापेक्षा जास्त विचारात पाडतो, कारण तो त्यांच्याच गोटातला आहे. मुलांबद्दलच्या वाक्याला उत्तर असं: बालकांचं शोषण हा गुन्हा आहे, प्रौढाला कुणाचं आकर्षण वाटतं ही निराळी बाब आहे, आणि शोषण करणारा बहुतेक वेळा मुलाच्या ओळखीतलाच असतो. मुलं जपायचीच असतील तर चर्चच्या शिबिरांत आणि वर्गांत कोण, कुठे, मुलांसोबत एकटं असतं याचे नियम करा, असं सुचवता येईल. ही सूचना पाळकांना नाकारता येत नाही.

आता पत्र. एक पान, हातानं लिहिलेलं किंवा छापलेलं, फक्त त्यांच्या नावानं. साचा असा ठेवता येईल:

‘आदरणीय पाळकसाहेब, अमुक तारखेच्या उपदेशात सुमारे अठराव्या मिनिटाला आपण म्हणालात, “…”. मी या मंडळीत नऊ वर्षं आहे आणि दुःखितांसाठी आपण जी धावपळ करता ती मी पाहिली आहे. हे वाक्य मात्र वैद्यकीयदृष्ट्या खरं नाही, आणि ते ऐकून बाकावर बसलेल्या एखाद्या मुलाला काय वाटलं असेल, या विचारानं माझी झोप उडाली. पुढच्या दोन आठवड्यांत पाऊण तास भेटण्याची वेळ द्यावी, ही विनंती.’

एवढंच. भावाचा उल्लेख नको, ‘माझ्या घरातलं कुणी’ असंही नको. चार जणांचं घर असेल तर तेवढ्यावरून शोध लागतो. त्याचं गुपित उघड करायचं की नाही हे फक्त तो ठरवेल. पत्र शनिवारी रात्री किंवा रविवारी सकाळी पोचू देऊ नका, तेव्हा पाळक उपदेशाच्या तयारीत असतात आणि ते अंगावर आल्यासारखं वाचलं जातं. मंगळवार, बुधवार बरा. प्रत बिशपना, प्रत ग्रुपवर, प्रत वर्तमानपत्राला असं पहिल्याच पत्रात केलंत तर भेट व्हायच्या आधीच ते बचावाला उभे राहतात. दोन आठवडे उत्तर नाही आलं तर फोन करा, आणि फोनवर वाद न घालता फक्त वेळ मागा.

प्रश्न : पाळक वचनांवर वचनं फेकतात. मला बायबल तेवढं येत नाही. तयारी कशी करू?

सगळं बायबल पाठ करायची गरज नाही. या वादात फिरून फिरून सहाच जागा येतात: उत्पत्ती १९ (सदोम), लेवीय १८:२२ आणि २०:१३, रोमकरांस १:२६-२७, करिंथकरांस पहिलं पत्र ६:९ आणि तीमथ्याला पहिलं पत्र १:१०. प्रत्येक ठिकाणी मागचा-पुढचा अख्खा अध्याय वाचा. दोन संध्याकाळींत होतं.

एक धोक्याची सूचना. पुस्तिकांमध्ये तयार उत्तरं मिळतात आणि ती अर्धीच असतात. उदाहरणार्थ, ‘सदोमचं पाप समलैंगिकता नव्हतं, गर्व आणि गरिबांची उपेक्षा हे होतं’, असं यहेज्केल १६:४९ दाखवून सांगितलं जातं. वचन खरं आहे. पण पुढच्याच ५० व्या वचनात ‘अमंगळ कृत्यां’चाही उल्लेख आहे, आणि कसलेले पाळक तिथेच बोट ठेवतील. म्हणून तुम्ही दोन्ही वचनं वाचून दाखवा आणि विचारा, ‘यहेज्केलानं आधी उपाशी माणसाची गोष्ट काढली, आपण ती कधीच का काढत नाही?’ हा प्रश्न टिकतो.

करिंथ आणि तीमथ्य इथे भांडण ग्रीक शब्दांचं आहे: ‘मलाकोय’ (शब्दशः ‘मऊ’) आणि ‘अरसेनोकोइताय’. १९४६ च्या इंग्रजी रिव्हाइज्ड स्टँडर्ड नव्या करारानं करिंथमधल्या या दोन्हींसाठी मिळून ‘होमोसेक्शुअल्स’ असा एकच शब्द घातला आणि १९७१ च्या आवृत्तीत तो बदललाही. भाषांतर ही माणसांनी केलेली निवड असते, एवढं यावरून दाखवता येतं. त्यापुढे जाऊन ‘बायबलमध्ये असं काही नाहीच’ म्हणू नका. दुसरा शब्द ‘पुरुष’ आणि ‘शय्या’ यांच्या जोडणीचा आहे आणि अनेक अभ्यासक त्याचा संबंध लेवीयच्या ग्रीक भाषांतराशी लावतात, हे समोरच्याला ठाऊक असण्याची शक्यता आहे. रोमकरांस पत्राचा पहिला अध्याय आला तर दुसऱ्या अध्यायाचं पहिलं वचन वाचा. पौल तिथे दुसऱ्याचा न्याय करणाऱ्यालाच गाठतो.

कॅथलिक फादरांशी बोलताना सुरुवात कॅटेकिझमच्या, म्हणजे कॅथलिक शिकवणुकीच्या अधिकृत ग्रंथाच्या, परिच्छेद २३५८ पासून करा. समलिंगी व्यक्तींना आदर, करुणा आणि संवेदनशीलतेनं वागवावं, अन्याय्य भेदभावाची कुठलीही खूण टाळावी, असं तिथे लिहिलं आहे. परिच्छेद २३५७ कडक आहे, तो लपवू नका. पण ‘आपला उपदेश २३५८ मध्ये बसतो का?’ हा प्रश्न चर्चच्याच शिकवणुकीतला आहे. कायद्यानं शिक्षा व्हावी असं कुणी म्हणत असेल, तर पोप फ्रान्सिस यांनी जानेवारी २०२३ च्या मुलाखतीत समलिंगी असणं हा गुन्हा नाही असं स्पष्ट सांगितलं, आणि त्याच मुलाखतीत पापाचा मुद्दाही काढला होता. दोन्ही सांगा.

आणि पहिल्या भेटीत वचनांचा सामना खेळूच नका. पाळकांचं ते रोजचं मैदान आहे. वचन आलं तर म्हणा, ‘यावर आपण वेगळी बैठक करू. आज मला त्या एका वाक्याबद्दल बोलायचं आहे.’

प्रश्न : प्रत्यक्ष बैठकीत कसं वागायचं?

तीन जण जा, त्याहून जास्त नाही. एक बोलेल, एक टिपणं घेईल, एक गप्प बसून वेळ आणि वातावरण पाहील, आणि आवाज चढला की ‘दोन मिनिटं थांबूया’ म्हणेल. न विचारता मुद्रण करू नका.

पहिली दहा मिनिटं त्यांचं ऐका. मग त्यांचं म्हणणं तुमच्या शब्दांत परत सांगा, आणि ‘हो, मला हेच म्हणायचं आहे’ असं ते म्हणेपर्यंत पुढे सरकू नका. नवखे लोक हीच पायरी गाळतात, कारण प्रतिपक्षाची बाजू आपल्या तोंडून नीट मांडली तर ती मान्य केल्यासारखं वाटतं. तसं होत नाही. मग तुमची गोष्ट, चार मिनिटांत. मग मागणी.

मागणी एक असावी, लहान असावी आणि पाळली की नाही हे बाहेरच्या माणसालाही सांगता यावं. ‘समलिंगींवर प्रेम करा’ ही मागणी नव्हे. ‘ईस्टरपर्यंत “रोग” हा शब्द उपदेशात येणार नाही’ ही मागणी आहे. ‘समलिंगी मुलं असलेल्या दोन पालकांना तुम्ही तासभर भेटाल’ ही मागणी आहे. ‘कुणालाही या कारणावरून मारहाण करणं पाप आहे, असं येत्या रविवारी सांगाल’ ही तर बहुतेक पाळकांना मान्य होण्यासारखी मागणी आहे.

या शेवटच्या मागणीला इतिहास आहे. मेल व्हाइट हे अमेरिकेतले धर्मोपदेशक. जेरी फॉलवेल, पॅट रॉबर्टसन अशा बड्या प्रचारकांसाठी त्यांनी पडद्याआड राहून लेखन केलं होतं, आणि पुढे स्वतः समलिंगी असल्याचं जाहीर केलं. १९९५ मध्ये रॉबर्टसन यांच्या व्हर्जिनिया बीचमधल्या दूरचित्रवाणी केंद्रात ते भेट मागायला गेले, बाहेर जायला नकार दिला म्हणून अटक झाली, आणि तुरुंगात त्यांनी सुमारे तीन आठवडे उपोषण केलं. शेवटी रॉबर्टसन तुरुंगात भेटायला आले आणि नंतर आपल्या कार्यक्रमात समलिंगींवरच्या हिंसेचा त्यांनी निषेध केला. रॉबर्टसन यांची धर्ममतं बदलली नाहीत. पण मागितलं तेवढं मिळालं, कारण मागणी त्यांना देता येण्यासारखी होती.

त्याच संध्याकाळी पाच ओळींचा मेल पाठवा: ‘आज आपण असं म्हणालात असं मी समजले. काही चुकलं असेल तर कळवावं.’ हा मेल नसेल तर दोन महिन्यांनी ती बैठक प्रत्येकाला वेगवेगळी आठवते.

प्रश्न : आमच्या गटातल्या तरुणांना प्रार्थना चालू असताना आत शिरून घोषणा द्यायच्या आहेत. ‘सभ्यपणानं कुणी ऐकत नाही’ असं ते म्हणतात. त्यांना काय सांगू?

त्यांचा राग खोटा नाही, हे आधी सांगा. मग न्यूयॉर्कमधली १० डिसेंबर १९८९ ची घटना सांगा. एड्सची साथ माणसं गिळत होती, कंडोमला आणि सुरक्षित संभोगाच्या शिक्षणाला चर्चचा विरोध होता. अ‍ॅक्ट अप ही एड्सग्रस्तांसाठी लढणारी संघटना आणि आणखी एक गट यांचे हजारो लोक सेंट पॅट्रिक कॅथिड्रलबाहेर जमले, काही मिस्सा, म्हणजे कॅथलिक उपासना, चालू असताना आत गेले. १११ जणांना अटक झाली. आतल्या एका निदर्शकानं पवित्र भाकरीचा तुकडा चुरडून खाली टाकला. दुसऱ्या दिवशी बातमी साथीची नव्हती, त्या भाकरीची होती. त्या आंदोलनामुळे प्रश्न घराघरांत पोचला असं मानणारे आजही आहेत, आणि त्यांचं म्हणणं अगदीच उडवून लावण्यासारखं नाही. पण आतल्या भाविकांपैकी किती जण त्या दिवशी तुमच्या बाजूनं सरकले असतील? तुम्हाला पाळकांच्या मागे बसलेली मंडळी हवी असेल तर त्यांच्या पवित्र गोष्टीला हात लावू नका.

अहिंसा म्हणजे सभ्यपणानं गप्प बसणंही नव्हे. मार्टिन ल्यूथर किंग यांनी बर्मिंगहॅमच्या तुरुंगातून १९६३ मध्ये लिहिलेल्या पत्रात चार पायऱ्या दिल्या आहेत: वस्तुस्थिती गोळा करणं, वाटाघाट, स्वतःची शुद्धी, मग प्रत्यक्ष कृती. ते पत्र धर्मगुरूंनाच उद्देशून होतं, हे पुष्कळदा विसरलं जातं. तुमची मुलं दुसरी आणि तिसरी पायरी गाळून चौथीवर उडी मारत आहेत.

तिसरी पायरी म्हणजे सराव. अमेरिकेतल्या वर्णभेदाविरुद्धच्या १९६० च्या नॅशव्हिल सत्याग्रहाआधी जेम्स लॉसन यांनी विद्यार्थ्यांकडून तो महिनोन्‌महिने करून घेतला होता. पद्धत अशी: दोन रांगा समोरासमोर, हातभर अंतरावर. एक रांग तुम्हाला चर्चच्या दारात ऐकावं लागेल ते सगळं बोलते, घाणेरडंही. दुसरी रांग हात मोकळे, दिसतील असे ठेवून, डोळ्यांत बघत उभी राहते. दोन मिनिटं. मग अदलाबदल. मग खाली बसून प्रत्येकानं सांगायचं, कुठे तोल जात होता. पहिल्या फेरीत सगळे हसतात. दुसरीत कुणीतरी रडतं. उपरोधिक हसू ही सगळ्यात मोठी अडचण असते, समोरच्याला ते थोबाडीत मारल्यासारखं लागतं. ज्याला तीन फेऱ्यांनंतरही उलट बोलल्याशिवाय राहवत नाही, त्यानं त्या दिवशी दारात उभं राहू नये. त्याच्यासाठी पाणी, गाड्या, फोन अशी पुष्कळ कामं असतात.

मग मूक उभं राहणं. प्रार्थनेआधी अर्धा तास आणि सुटल्यावर अर्धा तास. फाटक अडवू नका, सार्वजनिक रस्त्यावरच राहा, परवानगी लागते का ते आधी विचारून घ्या. दर दहा माणसांमागे एक जण शांतता राखायला, त्याच्या दंडाला वेगळ्या रंगाची पट्टी. वार्ताहरांशी बोलणारी व्यक्ती एकच. फलकांना काठ्या नकोत, छायाचित्रात त्या हत्यारांसारख्या दिसतात. पुठ्ठा दोन्ही हातांनी छातीशी धरा आणि त्यावर एकच वाक्य, दहा पावलांवरून वाचता येईल एवढं मोठं. पाळकांचं नाव किंवा व्यंगचित्र नको. अटकेची शक्यता असेल तर वकिलाचा क्रमांक मनगटावर पेनानं लिहा, कारण फोन काढून घेतला जातो.

प्रश्न : माझा मुलगा एकोणीस वर्षांचा आहे, गे आहे. भेटीला येऊन आपली गोष्ट सांगावी, असं गटातल्या लोकांचं म्हणणं आहे. तो ‘जातो’ म्हणतो, पण रात्री झोपत नाही. पाळक म्हणतात, ‘आमच्याकडे समुपदेशनाला पाठवा.’

झोपत नाही, हेच उत्तर आहे. या फेरीत त्याला नेऊ नका. साक्ष देणं हे मुलाचं कर्तव्य नाही. तुम्ही आई म्हणून बोला, आणि त्याच्याबद्दल काय सांगायचं आणि काय नाही हे आधी त्याला विचारा, शक्यतो एका कागदावर.

पुढे कधी तो स्वतःहून तयार झाला तर काही गोष्टी तपासा. बातमी फुटली तर राहायला घर आणि शिक्षणाचा खर्च सुरक्षित आहे का? त्याच्या शेजारी बसायला त्यानं निवडलेला माणूस आहे का? मधेच उठायची खूण ठरली आहे का? त्या रात्री आणि दुसऱ्या दिवशी त्याच्यासोबत कोण आहे? गोष्ट आधी दोनदा मोठ्यानं सांगून बघावी. जी आठवण सांगताना घसा दाटतो आणि उतरत नाही, ती गाळावी. जखम अजून ओली असेल तर ती परक्यांपुढे उघडू नये.

समुपदेशन म्हणजे काय, हे पाळकांना स्पष्ट विचारा: ‘त्याचं आकर्षण बदलायचा प्रयत्न होणार आहे का?’ उत्तर हो असेल किंवा गुळमुळीत असेल, तर नाही म्हणा. अशा उपायांनी कल बदलत नाही आणि नैराश्य वाढण्याचा धोका असतो. त्याला मदत हवी असेल तर नोंदणीकृत मानसतज्ज्ञाकडे न्या. जगावंसं वाटत नाही असं तो कधी, गमतीतही, बोलला असेल तर वाट न पाहता आजच न्या.

पाळकांशी बोलताना एक आकडा तुमच्याकडे असू द्या. अमेरिकेतल्या फॅमिली अ‍ॅक्सेप्टन्स प्रोजेक्टचा अभ्यास २००९ मध्ये बालरोगशास्त्राच्या नियतकालिकात आला. कुटुंबानं फारसं झिडकारलं नाही अशा समलिंगी आणि उभयलैंगिक (स्त्री-पुरुष दोघांचंही आकर्षण वाटणाऱ्या) तरुणांच्या तुलनेत, ज्यांना घरून तीव्र झिडकारणं सोसावं लागलं, त्यांच्यात आत्महत्येचा प्रयत्न केल्याचं सांगणाऱ्यांचं प्रमाण ८.४ पट होतं. पुलपिटवरचं वाक्य रविवारी दुपारी जेवणाच्या टेबलावर पोचतं, आणि तिथे ते आईबाप बोलतात. पाळकांना हा धागा दाखवा.

प्रश्न : मी नास्तिक आहे. मैत्रिणीसोबत अशा भेटीला जाऊ का?

जा, टिपणं घ्या, चहा आला तर प्या. देव आहे की नाही हा विषय त्या तासापुरता बाहेर ठेवता येत नसेल तर गाडीत थांबा.

प्रश्न : आम्ही दोनदा भेटलो. पाळक हसून बोलले, प्रार्थना केली, निरोप घेतला. तिसऱ्या रविवारी तेच सगळं पुन्हा. मग संवादाचा उपयोग काय?

तुमच्या पत्रात मागणीचा उल्लेख नाही, म्हणून आधी तेच विचारावंसं वाटतं: त्यांनी नक्की काय कबूल केलं होतं?

ऑक्टोबर १९९९ मध्ये लिंचबर्ग, व्हर्जिनिया इथे हेच घडलं. वर ज्यांची गोष्ट आली त्या मेल व्हाइट यांनी नुकतीच सोलफोर्स ही संघटना उभी केली होती. नाव गांधींच्या ‘सत्याग्रह’ला वापरल्या जाणाऱ्या ‘आत्मबळ’ या अर्थाच्या इंग्रजी शब्दावरून. वर्षानुवर्षं पत्रं लिहिल्यावर फॉलवेल भेटायला तयार झाले: दोनशे समलिंगी आणि त्यांचे साथी, समोर फॉलवेल यांची तेवढीच माणसं. सोबत जेवायचं ठरलं होतं. पण पाप्यांच्या पंक्तीला बसू नये, या अर्थाचं करिंथकरांसचं वचन पुढे करून त्यांच्याच लोकांनी गदारोळ केला, आणि टेबलावर फक्त पाण्याच्या बाटल्या आल्या. तरी माणसं समोरासमोर बसली, आणि आपली भाषा सौम्य करू असं फॉलवेल म्हणाले. दोन वर्षांनी, १३ सप्टेंबर २००१ रोजी, न्यूयॉर्कवरच्या हल्ल्याला हातभार लावणाऱ्यांच्या यादीत त्यांनी रॉबर्टसन यांच्या कार्यक्रमात समलिंगींनाही गोवलं. नंतर माफी मागितली.

आमच्या मते चूक भेटीत नव्हती. ‘भाषा सौम्य करू’ हे मोजता येत नाही, तिथे ती होती. कुठला शब्द, किती दिवस, मोडला तर कोण कुणाला फोन करणार, यातलं काहीच त्या आश्वासनात नव्हतं. व्हाइट मात्र थांबले नाहीत. पुढे ते आणि त्यांचे जोडीदार फॉलवेल यांच्या चर्चसमोर घर घेऊन राहिले आणि रविवारी तिथे प्रार्थनेला जाऊन बसू लागले.

तुम्ही तिसऱ्यांदा भेटा आणि या वेळी लेखी, तारखेसह मागणी ठेवा. मोडली तर पुढच्या पायरीची सूचना आधी देऊन मगच ती घ्या. पायऱ्या चढत्या: मंडळीतल्या पाच-सात जणांच्या सह्यांचं पत्र, उपदेशात ते वाक्य आलं की जागेवर मिनिटभर मूकपणे उभं राहणं, वडीलमंडळाकडे किंवा वरच्या अधिकाऱ्यांकडे जाणं. इथे चर्चची रचना ओळखा. बाप्टिस्ट मंडळी स्वायत्त असते, तिथे ‘वर’ कुणी नाही, म्हणून मंडळीच्या सभेतच जा. कॅथलिकांत बिशप. मेथडिस्टांत धोरण महापरिषद ठरवते, आणि तिथे वेळ लागतो: समलैंगिक आचरण ख्रिस्ती शिकवणुकीशी विसंगत आहे, हे वाक्य युनायटेड मेथडिस्ट चर्चनं १९७२ मध्ये नियमांत घातलं, २००० मध्ये क्लीव्हलँडच्या परिषदेत त्याविरुद्ध शेकडो माणसं उभी राहिली आणि दोनशेच्या आसपास अटक झाली, आणि वाक्य निघालं मे २०२४ मध्ये. दरम्यान अमेरिकेतल्या साडेसात हजारांहून अधिक मंडळ्या या वादापायी बाहेर पडल्या.

उपोषणाचा विचार कुणी काढला तर घाई नको. गांधींचं म्हणणं असं होतं की उपोषण प्रेमाचं नातं असेल तिथेच करावं, हक्क उकळायला नव्हे. ज्या पाळकांना तुमची काहीच फिकीर नाही त्यांच्या दारात उपाशी बसलात तर ते फक्त दबाव ठरेल. आणि मधुमेह, रक्तदाब, गर्भारपण असेल तर विषयच नको.

प्रश्न : अंत्यविधीच्या ठिकाणी येऊन समलिंगींविरुद्ध घोषणा देणाऱ्या गटांचं काय करायचं? त्यांच्याशी तर बोलताच येत नाही.

घटनास्थळी बोलूच नका, झाका. अमेरिकेतल्या वायोमिंगमध्ये मॅथ्यू शेपर्ड या समलिंगी विद्यार्थ्याचा ऑक्टोबर १९९८ मध्ये खून झाला. एप्रिल १९९९ मध्ये लॅरमीच्या न्यायालयाबाहेर अंत्यविधींना जाऊन अशाच घोषणा देणाऱ्या वेस्टबरो बाप्टिस्ट चर्चची माणसं द्वेषाचे फलक घेऊन आली, तेव्हा मॅथ्यूच्या मैत्रिणीनं आणि तिच्या सोबत्यांनी देवदूतांचे पोशाख केले. प्लास्टिकचे पाइप आणि पांढऱ्या चादरी यांचे डोक्यावर जाणारे भलेमोठे पंख. त्यांनी घोषणाबाजांकडे पाठ केली आणि त्यांच्यासमोर गोल करून गप्प उभे राहिले. फलक दिसेनासे झाले. तुम्ही करणार असाल तर एक दिवस आधी वाऱ्यात उभं राहून बघा, अशा पंखांत वारा भरतो आणि खांदे लवकर दुखतात. घट्ट पट्टे लावा, दर वीस मिनिटांनी बदली माणूस ठेवा. आणि मृताच्या कुटुंबाची संमती नसेल तर जाऊच नका.

‘बोलताच येत नाही’ हे मात्र पूर्ण खरं नाही. त्याच वेस्टबरोच्या संस्थापकांची नात मेगन फेल्प्स-रोपर चर्चचा किल्ला ट्विटरवर लढवत होती. तिथे तिला भेटलेल्या काही अनोळखी माणसांनी शिव्या न देता प्रश्न विचारले, तिच्याच वचनांतली विसंगती दाखवली, मधेमधे जेवणाखाण्याच्या आणि गाण्यांच्या गप्पाही मारल्या. नोव्हेंबर २०१२ मध्ये ती चर्च सोडून बाहेर पडली. असं करायचं असेल तर एका वेळी एकाच माणसाशी करा, उघड्या धाग्यावर फार लांबवू नका, आणि उत्तर लिहिल्यावर ते तासभर पाठवू नका. तासाभरानं वाचल्यावर त्यातलं एखादं वाक्य बहुधा खोडावंसं वाटतं. बाकीचं पाठवा.